वेग वाढला की वस्तुमान वाढतं का? आणि रेस्ट मासमधलं 'रेस्ट' नेमकं कुणाचं?

खानापूर तालुक्यातली एक मुलगी बेळगावात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, तिनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "सर, पुस्तकात आहे की वेग वाढला की वस्तुमान वाढतं आणि प्रकाशाच्या वेगाला ते अनंत होतं. पण वेग सापेक्ष असतो हे त्याच धड्यात आधी सांगितलंय. मग अंतराळातून येणाऱ्या एखाद्या भयंकर वेगाच्या कणाकडून बघितलं तर तो थांबलाय आणि पृथ्वीच पळतेय. म्हणजे पृथ्वीचं आणि माझंसुद्धा वस्तुमान अफाट वाढलेलं असणार, मग आपण कृष्णविवर का होत नाही? आणि खरोखर स्थिर असं कुणीच नसेल तर रेस्ट मास (स्थिर असतानाचं वस्तुमान) म्हणजे कुणाचं रेस्ट?"

बाळ, तीसेक वर्षं पीयूसीला (अकरावी-बारावीला) आणि डिग्रीला फिजिक्स शिकवलं, त्यात हा प्रश्न इतक्या नीट शब्दांत फार थोड्या पोरांनी विचारला. बहुतेक जण सूत्र पाठ करतात, गॅमा (वेग वाढेल तसा १ पासून वाढत जाणारा सापेक्षतेतला गुणक) काढतात, मार्क घेतात आणि पुढं जातात. तू दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघितलीस आणि ती एकमेकांशी भांडतायत हे तुला दिसलं. ती खरंच भांडतायत की. त्यातलं 'वेग सापेक्ष असतो' हे वाक्य पक्कं आहे. 'वेगानं वस्तुमान वाढतं' हे जुन्या वळणाचं बोलणं आहे, आता या विषयात काम करणारे लोक तसं बोलत नाहीत, आणि मीही सुरुवातीची बरीच वर्षं वर्गात तेच सांगत होतो याचं आता वाईट वाटतं.

म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो: वस्तुमान वेगानं वाढत नाही. इलेक्ट्रॉन टेबलावर असो की प्रकाशाच्या ९९.९९ टक्के वेगानं जात असो, त्याचं वस्तुमान तेवढंच. वाढतात ऊर्जा आणि संवेग (मोमेंटम), आणि ते दोन्ही मुळात बघणाऱ्यावर अवलंबून असतात. आता हे का, ते जरा बैजवार सांगतो.

आपल्याकडं गळीत हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग तू बघितलीच असशील. काट्यावर गाडी पूर्ण थांबवायची, आकडा स्थिर झाला की पावती, मग गव्हाणीकडं. समजा आकडा आला २० टन. त्याच वेळी बाहेरच्या रस्त्यावरनं एक जण मोटरसायकलवर ताशी ६० किलोमीटरनं चाललाय. त्याच्या दृष्टीनं तो जागेवरच आहे, रस्ता, कारखाना, काटा, ट्रॉली सगळं उलट दिशेनं ६० नं सरकतंय. तो हिशोब करायला बसला तर त्याला या ट्रॉलीची गतिज ऊर्जा जवळजवळ २८ लाख ज्यूल येईल. काट्याजवळ बसलेल्या कारकुनाला तीच ऊर्जा शून्य. दोघांपैकी चूक कुणीच नाही. पण काट्यावरचा लाल आकडा? मोटरसायकलवाल्यानं मान वळवून बघितलं तर त्यालाही २० टनच दिसणार, त्याच्या जाण्यामुळं तो आकडा २१ होणार नाही आणि शेतकऱ्याच्या पावतीत पण काही फरक पडणार नाही.

यात आपल्या विषयाचं निम्मं सार आलं. वेग हा ट्रॉलीचा गुण नव्हेच, वेग हे ट्रॉली आणि बघणारा या दोघांमधलं नातं आहे. जसं कुणी 'मोठा भाऊ' असतो तो धाकट्याच्या हिशोबानं, एकटा माणूस घेतला तर तो मोठा पण नाही आणि धाकटा पण नाही. रस्त्यावरनं कोण कुठल्या वेगानं गेला याची ट्रॉलीतल्या उसाला खबर पण नसते, मग त्याच्या आत काहीतरी वाढायचं कसं? एकाच क्षणी हजार जण हजार वेगांनी बाजूनं गेले तर ट्रॉलीचे हजार वेग, हजार संवेग, हजार ऊर्जा, त्यात अडचण काहीच नाही कारण ती हजार नाती आहेत. पण ऊस किती आहे, तो एकच.

आता तुझ्या कृष्णविवराकडं येतो, कारण तो आकड्यांत बघण्यासारखा आहे. १५ ऑक्टोबर १९९१ ला अमेरिकेतल्या युटाह राज्यात 'फ्लायज आय' नावाच्या यंत्रणेनं एक वैश्विक किरण (अंतराळातून आलेला वेगवान कण) नोंदवला, त्याची ऊर्जा सुमारे ५० ज्यूल होती. एका कणाची ५० ज्यूल! अर्धा किलोची गुळाची ढेप दहा मीटर वर उचलायला लागते तेवढी ऊर्जा, आणि ती अणूहून कितीतरी लहान गोष्टीत. तो प्रोटॉन होता असं धरलं तर गॅमा येतो ३० हजार कोटींच्या वर. आता त्या प्रोटॉनवर बसून बघ. तो स्थिर, आणि पृथ्वी त्याच्याकडं गॅमा ३० हजार कोटी घेऊन येतेय. 'वस्तुमान गॅमापट होतं' हे वाक्य अक्षरशः धरायचं झालं तर पृथ्वीचं वस्तुमान ३० हजार कोटीपट. पृथ्वीएवढं वस्तुमान कृष्णविवर व्हायचं तर ते सुमारे ९ मिलिमीटर त्रिज्येत कोंबायला लागतं, वस्तुमान जितक्या पट वाढेल तितकी ही त्रिज्या वाढते, म्हणजे आता ती त्रिज्या झाली साधारण २७ लाख किलोमीटर. पृथ्वीची खरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे त्या हिशोबानं पृथ्वी केव्हाच कृष्णविवर झालेली असायला पाहिजे, शंकेला जागाच नाही.

आणि आपण तर इथं चहा पितोय.

एखादी गोष्ट कृष्णविवर आहे की नाही, हे बघणाऱ्यावर अवलंबून असूच शकत नाही. पृथ्वीवरनं प्रकाश बाहेर पडतो म्हणजे पडतो, तो कुणीही बघू दे. त्यामुळं या हिशोबातला पहिलाच धागा, 'वस्तुमान गॅमापट', तो तुटला. गुरुत्वाच्या समीकरणात नुसती ऊर्जा घालून चालत नाही, संवेग, दाब, ताण हे सगळं एकत्र घालावं लागतं, आणि सगळं घातलं की पळणारी पृथ्वी ही पृथ्वीच राहते, फक्त पळताना बघितलेली. तुझ्या प्रश्नातली शंका म्हणूनच बरोबर होती. वस्तुमान खरोखर वेगानं वाढत असतं तर आपण कृष्णविवर व्हायलाच पाहिजे होतो.

मग 'रेस्ट' कुणाचं? रेस्ट मास म्हटलं की मुलांना वाटतं की विश्वात कुठंतरी एक खरीखुरी स्थिर जागा आहे आणि तिथं नेऊन वस्तू मोजायची. तसं काही नाही. वस्तूच्या बरोबरीनं, तिच्याच वेगानं चालणाऱ्या माणसानं मोजलेलं ते रेस्ट मास, म्हणजे वस्तू स्वतःच्या सापेक्ष स्थिर, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. बेळगावहून मिरजेकडं जाणाऱ्या गाडीत तू बसलीस आणि मांडीवर कुंद्याचा डबा आहे, डबा तुझ्या सापेक्ष स्थिर आहे, तू तिथंच तो तराजूवर ठेवलास आणि अर्धा किलो भरला, तर तेच त्याचं रेस्ट मास, गाडी घटप्रभेला थांबलेली असो की रायबागच्या अलीकडं पळत असो. बाहेर उभं राहून खिडकीतनं बघणाऱ्याला तुझा डबा पळताना दिसेल, पण त्याला त्याचं वस्तुमान सांगायचं झालं तर तोही अर्धा किलोच सांगणार, फक्त त्याला ते थोडा हिशोब करून काढावं लागेल. हिशोब कुठला ते पुढं सांगतो. म्हणून हल्ली 'रेस्ट' हा शब्द सुद्धा गाळतात, नुसतं वस्तुमान म्हणतात, किंवा अचल राशी अशा अर्थानं इन्व्हेरियंट मास.

आता तू विचारशील की मग हे वाढणारं वस्तुमान पुस्तकात आलं कुठनं. हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. १९०५ मध्ये आईनस्टाईन यांचा सापेक्षतेचा पेपर आला, त्याच्या आधीच लोकांनी वेगवान इलेक्ट्रॉन वाकवून बघितले होते, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ काउफमान यांचे प्रयोग १९०१ पासूनचे, आणि इलेक्ट्रॉन जितका वेगवान तितका तो वाकायला जड जातो असं दिसत होतं. न्यूटनच्या सवयीनं सगळे विचार करणार, बल भागिले त्वरण म्हणजे वस्तुमान, मग त्वरण कमी मिळतंय म्हणजे वस्तुमान वाढलंय. डच भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्ट्झ यांनी गणित केलं तर त्यांना एक नव्हे, दोन वस्तुमानं मिळाली. वस्तू चाललीय त्याच दिशेनं बल लावलं तर भागाकार गॅमाच्या घनानं वाढतो, आणि आडवं बल लावलं तर फक्त गॅमानं. प्रकाशाच्या ८० टक्के वेगाचा कण घे, गॅमा ५/३. आडवा ढकलला तर तो १.६७ पट जड वाटतो आणि पुढं ढकलला तर ४.६३ पट. आता मला सांग, त्याचं वस्तुमान किती? तोच कण, तोच क्षण, आणि ढकलायची दिशा बदलली की वस्तुमान बदललं. तिरकं ढकललं तर आणखीनच गंमत, त्वरण बलाच्या दिशेत पण येत नाही, मग भागाकार करायचा तरी कशाचा! आईनस्टाईन यांच्या १९०५ च्या पेपरमध्येही ही आडवी-उभी वस्तुमानं आहेत. पुढं १९०६ मध्ये प्लांक यांनी संवेगाचं सूत्र नीट लिहिलं, गॅमा गुणिले एम गुणिले व्ही (एम वस्तुमान, व्ही वेग), आणि १९०९ मध्ये लुईस आणि टोलमन यांनी त्यातला गॅमा आणि एम एकत्र चिकटवून त्याला 'वस्तुमान' म्हटलं, म्हणजे संवेग पुन्हा जुन्यासारखा 'वस्तुमान गुणिले वेग' दिसायला लागला. सोय झाली, आणि तीच सोय पिढ्यानपिढ्या पुस्तकांतनं उतरत आली. खुद्द आईनस्टाईन यांनी १९४८ मध्ये लेखक लिंकन बार्नेट यांना लिहिलेल्या पत्रात, पळत्या वस्तूचं असं वेगळं वस्तुमान मानू नये, त्याची स्पष्ट व्याख्या करता येत नाही, रेस्ट मास एवढंच वस्तुमान ठेवावं, संवेग आणि ऊर्जेची सूत्रं सांगावीत, अशा अर्थाचा सल्ला दिलेला आहे.

गॅमा कुणाला चिकटवायचा एवढाच प्रश्न आहे. तो वस्तुमानाचा नव्हे. अवकाश आणि काळ यांच्या मांडणीतनं तो येतो, म्हणून तो वेगाशीच जोडलेला ठेवायचा.

पण सर, वेग वाढवायला जड जातंच की, असं तू म्हणशील. जातंच. १९६४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बर्टोझी यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत केलेला प्रयोग मला फार आवडतो कारण त्यात लपवाछपवी काही नाही. इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जा द्यायची, ८.४ मीटर पळवायचा, लागलेला वेळ मोजायचा आणि शेवटी ॲल्युमिनियमवर आपटून किती गरम झालं ते बघून ऊर्जा खरंच पोचली का ते तपासायचं. सगळ्यात जास्त ऊर्जा होती १५ एमईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक). न्यूटनच्या सूत्रानं तेवढ्या ऊर्जेला वेग यायला पाहिजे प्रकाशाच्या साडेसात पटींपेक्षा जास्त. मिळाला तो प्रकाशाच्या वेगाला टेकलेला, त्याच्या पुढं नाही. ऊर्जा मात्र पूर्ण पोचली होती. म्हणजे दिलेली ऊर्जा वाया गेली नाही, ती वेगात दिसली नाही एवढंच. 'इलेक्ट्रॉन जाड झाला' असं म्हणून हे समजल्यासारखं वाटतं, पण त्या इलेक्ट्रॉनच्या सोबत पळणाऱ्याला विचार की, त्याला इलेक्ट्रॉन आधी होता तस्साच दिसतो, ०.५११ एमईव्हीचा (कणांचं वस्तुमानही याच एककात सांगतात), ढकलायला तेवढाच हलका. जड जातं ते आपल्याला, कारण वेगांची बेरीजच साधी नाही. सी म्हणजे प्रकाशाचा वेग; तू ०.६ सी नं चाललेल्या यानातनं पुढं ०.६ सी नं काही फेकलंस तर बाहेरून ते १.२ सी दिसत नाही, १.२ भागिले १.३६ म्हणजे ०.८८ सी दिसतं. प्रत्येक धक्का त्या कणाला सारखाच लागतो, पण आपल्याकडनं मोजताना त्याची भर कमी कमी पडत जाते.

आता तो खिडकीबाहेरच्या माणसाचा राहिलेला हिशोब. आमच्या गावाकडं एका तिरक्या बांधावरनं दोन भावांत वाद होता, मोजणीला दोन वेळा दोन वेगळे माणसं आले. एकानं होकायंत्रानं उत्तर धरून पूर्वेकडं किती, उत्तरेकडं किती असे आकडे काढले, दुसऱ्यानं गावचा रस्ता धरून रस्त्याकडेनं किती, आत किती असे काढले. चारही आकडे वेगळे, घरात भांडण की कुठला खरा. पण दोघांच्या आकड्यांचे वर्ग करून बेरीज केली आणि वर्गमूळ काढलं तर बांधाची लांबी एकच येत होती. बांध तोच, मोजायच्या दिशा वेगळ्या.

वस्तुमानाचं अगदी तसंच आहे, फक्त बेरजेच्या जागी वजाबाकी. ऊर्जेचा वर्ग वजा संवेगाचा वर्ग बरोबर वस्तुमानाचा वर्ग. सी ला १ धरलं की एवढं सुटसुटीत होतं, सी घालून लिहायचं तर ई चा वर्ग वजा पीसी चा वर्ग बरोबर एमसी स्क्वेअरचा वर्ग. ऊर्जा आणि संवेग हे त्या मोजणीवाल्यांचे आकडे, बघणारा बदलला की बदलणारे. वस्तुमान ही बांधाची लांबी. एक कण घे, वस्तुमान ४ (एकक कुठलंही). सोबत पळणाऱ्याला ऊर्जा ४, संवेग ०, सोळा वजा शून्य सोळा. ०.६ सी नं जाताना बघणाऱ्याला ऊर्जा ५, संवेग ३, पंचवीस वजा नऊ सोळा. ०.८ सी नं बघणाऱ्याला ऊर्जा २०/३ आणि संवेग १६/३, करून बघ, तरी सोळाच. कुणीही या आणि करा, ४ च येणार. तो खिडकीबाहेरचा माणूस तुझ्या कुंद्याच्या डब्याचं वस्तुमान काढेल ते असंच. आणि ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर, जे रिक्षाच्या मागं पण लिहिलेलं असतं, ते यातलं फक्त संवेग शून्य असतानाचं वाक्य आहे. पळत्या वस्तूला ते तसंच लावलं म्हणून तर हा सगळा घोळ झाला.

मग वेगानं खरंच बदलतं ते काय? बदलतं आपण लावलेलं काळाचं आणि अंतराचं माप, आणि ते पण दोघांच्यातलं. याचा पुरावा आत्ता तुझ्या तळहातातनं जातोय. वैश्विक किरण हवेत वर आदळले की म्यूऑन नावाचे कण तयार होतात, जमिनीवर तळहाताएवढ्या जागेतनं मिनिटाला शंभराच्या आसपास जातात. आपल्या कर्नाटकातच कोलारच्या सोन्याच्या खाणीत टीआयएफआरच्या (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी खोल खोल जाऊन हे म्यूऑन मोजले, आणि १९६५ मध्ये तिथंच, दोन किलोमीटरपेक्षा जास्त खोलीवर, वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनो नावाच्या, जवळजवळ कशालाच न अडणाऱ्या कणांच्या खुणा मिळाल्या. म्यूऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाश सुद्धा ६६० मीटर जातो, आणि हे तर १५ किलोमीटरवरनं येतात. गॅमा २० चा म्यूऑन धरू आणि हवेत ऊर्जा जाते तो भाग बाजूला ठेवू. आपल्या घड्याळानं त्याला ५० मायक्रोसेकंद लागतात, त्याचं घड्याळ मात्र अडीचच मायक्रोसेकंद चालतं. म्हणून शंभरातले तीसेक खाली पोचतात, नाहीतर हजार कोटींत एखाददुसराच पोचला असता. आता म्यूऑनवर बसून बघ. त्याचं घड्याळ त्याला ठीकच चाललेलं दिसतं, पण १५ किलोमीटरची हवा त्याला फक्त ७५० मीटर जाडीची दिसते, ती अडीच मायक्रोसेकंदात संपते. दोन्हीकडनं उत्तर एकच, शंभरात तीस. किती म्यूऑन खाली पोचले ही मोजदाद आहे, काट्यावरच्या लाल आकड्यासारखी, त्यावर मतभेद होत नाही. आणि म्यूऑनचं वस्तुमान? १०५.७ एमईव्ही, कणांच्या कोष्टकात एकच आकडा छापलेला असतो, वेगाचा रकानाच नसतो.

इथपर्यंत तुला पटलं असेल तर आता एक गोष्ट सांगतो जी मला स्वतःला समजायला वेळ लागला, आणि माझ्या मते खरी मजा इथंच आहे. पळण्यानं वस्तुमान वाढत नाही असं मी इतका वेळ सांगतोय, पण पळणाऱ्या कणांची मोट बांधली तर त्या मोटेचं वस्तुमान वाढतं. एक लिटर पाणी २० डिग्रीवरनं १०० पर्यंत तापव, झाकण गच्च, एक थेंब बाहेर नाही. त्यात सुमारे ३ लाख ३५ हजार ज्यूल गेले. पाण्याचे रेणू जोरात पळायला लागले, एकाही रेणूचं वस्तुमान वाढलेलं नाही, पण पातेलं मात्र सुमारे ३.७ नॅनोग्रॅमनं जास्त भरतं. कारण कुठलाही रेणू इकडं पळतो तसा दुसरा तिकडं पळतो, सगळ्यांचे संवेग एकमेकांना खाऊन शून्य होतात, ऊर्जा मात्र साठत जाते, आणि वर्ग-वजाबाकी पूर्ण पातेल्याची केली की उत्तर मोठं येतं. म्हणजे वस्तुमानांची बेरीज करून एकूण वस्तुमान येतं हे आपण लहानपणापासून धरलेलं, तेच खरं नाही. नवं शिकायचं आहे ते इथं आहे, वेगानं जाड होणाऱ्या वस्तूंत नाही.

पाण्यात हे नॅनोग्रॅममध्ये आहे म्हणून दुर्लक्ष करू नको. तुझ्या अंगातल्या प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ एमईव्ही, आणि त्याच्यातल्या तीन क्वार्कांची (प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या कणांची) वस्तुमानं मिळून भरतात जेमतेम ९ च्या आसपास. शंभरातला एक भाग! बाकी सगळं म्हणजे आतल्या क्वार्कांची आणि त्यांना चिकटवून ठेवणाऱ्या ग्लुऑन कणांची धावपळ आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या बलाची ऊर्जा. तू पन्नास किलोची असशील तर त्यातलं जवळजवळ सगळं वजन कुणाच्या तरी हालचालीचं आणि बंधनाचं आहे, पण ती हालचाल तुझ्या आतली आहे, तुझ्या सापेक्ष आहे, बाहेरून कोण कसा गेला याच्याशी तिचा संबंध नाही. आतली हालचाल मोजली जाते, बाहेरची नाही, हा फरक एकदा मनात बसला की तुझ्या प्रश्नातली गाठ सुटते.

उलटा हिशोब पण आपल्या शेजारीच चालू असतो, कारवारकडं कैग्याला. तिथल्या २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या पूर्ण क्षमतेनं दिवसभर चालल्या तर चोवीस तासांत तारेवरनं जेवढी वीज बाहेर जाते तिचं वस्तुमान होतं साधारण ०.८५ ग्रॅम. एवढ्यावर अख्खे जिल्हेच्या जिल्हे चालतात. तिथंही एकही प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन नाहीसा होत नाही, युरेनियमचं केंद्रक फुटलं की तेच कण नव्या घरांत जास्त घट्ट बसतात आणि मोट हजारात एका भागानं हलकी होते. 'वस्तुमानाचं ऊर्जेत रूपांतर' असं आपण म्हणतो ते या अर्थानं.

परीक्षेचं सांगतो, कारण मार्क पण पाहिजेत. प्रश्नात 'रिलेटिव्हिस्टिक मास काढा' असं आलं तर गॅमा गुणिले एम काढून मोकळी हो, वाद घालू नको, फक्त मनात धर की तू ऊर्जाच काढतेयस, सी स्क्वेअरनं भागून. वर्णनात्मक उत्तर असेल तर 'वस्तुमान अचल आहे, संवेग गॅमा-एम-व्ही' असं लिही, त्याला चूक म्हणणारा परीक्षक मला तरी भेटलेला नाही.

आणि वहीत हे एक करून बघ, मोबाईल लागत नाही. वस्तुमान ४ चे दोन मातीचे गोळे समोरासमोर ०.६ सी नं येऊन आदळले आणि चिकटले. प्रत्येकाची ऊर्जा ५, संवेग एकाचा अधिक ३ आणि दुसऱ्याचा वजा ३. एकूण ऊर्जा १०, संवेग शून्य, म्हणजे चिकटलेल्या गोळ्याचं वस्तुमान १०, आठ नव्हे. आता हेच डाव्या गोळ्यावर बसून कर. तो स्थिर, ऊर्जा ४. समोरचा ०.८८ सी नं येतो, गॅमा २.१२५, ऊर्जा ८.५, संवेग ७.५. एकूण ऊर्जा १२.५, संवेग ७.५. वर्ग कर, १५६.२५ वजा ५६.२५, शंभर, वस्तुमान पुन्हा १०. आता उजवीकडं ०.८ सी नं जाणाऱ्या तिसऱ्याच माणसाकडनं तू स्वतः कर, वेगांच्या बेरजेचं सूत्र वापर, अपूर्णांक जरा वाकडे येतील पण सोडू नको, आणि शेवटी १० आलं नाही तर संवेगाचं चिन्ह कुठं चुकलं ते शोध, बहुतेकदा तिथंच चुकतंय.